कार्बनला ठोकायचं नसतं

लातूरच्या गंजगोलाईत साड्यांचं दुकान असलेल्या, आयुष्यात कात्री आणि मोजपट्टी सोडून दुसऱ्या हत्याराला हात न लावलेल्या आणि घरातला बल्बसुद्धा बायकोकडून बदलून घेणाऱ्या मन्मथने भाद्रपदातल्या एका रिकाम्या दुपारी ठरवलं, की आपल्या सायकलच्या हँडलखालची बेरिंगं आता आपणच घरी बसवायची.

त्याने हे जाहीर केलं तेव्हा त्याची बायको शिवकन्या भेंडी चिरत होती. तिने मान वर केली नाही. हा माणूस जे जे स्वतः करायला गेला त्याचं पुढे काय झालं, हे तिला तोंडपाठ होतं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग त्याने स्वतः केलं होतं, तेव्हापासून गच्ची पाऊस थांबल्यावरही गळत राहते. गुलाबाचं कलम त्याने स्वतः केलं होतं, ती कुंडी आता कोथिंबिरीला उपयोगी पडते. घरी लावलेल्या दह्याविषयी न बोललेलं बरं. तेव्हा तिने एवढंच विचारलं, की गावातले सायकलवाले सगळे दुकानं बंद करून गेले का.

"तसं नसतंय," मन्मथ म्हणाला. "हे कार्बन हाय. मिस्त्री लोक हातोडी घालून बेरिंग बसवतेत. कार्बनला ठोकायचं नसतं."

हे वाक्य त्याने कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं होतं आणि ते त्याला इतकं आवडलं होतं की पुढचे पंधरा दिवस घरात दुसरं काही ऐकूच येईना. वास्तविक या घरातली प्रत्येक वस्तू ठोकल्यावरच चालायची. मिक्सर बाजूने एक चापट खाल्ल्याशिवाय फिरत नव्हता, रिमोट गुडघ्यावर आपटल्याशिवाय चॅनल बदलत नव्हता. (मन्मथच्या बाबतीत ही साधी गोष्ट लहानपणी कोणी केली नाही, असं शिवकन्येचं मत होतं. सासूबाई समोर असल्यामुळे तिने ते कधी बोलून दाखवलं नाही.)

आता ही सायकल म्हणजे काय चीज होती, ते सांगायला हवं. लोखंडाऐवजी कार्बन फायबरची, काळी कुळकुळीत, आणि इतकी हलकी की मन्मथ ती एका बोटावर उचलून दाखवायचा. चहाला आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी हा खेळ बघावा लागे. सायकल हॉलमध्ये, सोफ्याच्या शेजारी राहायची. सोफ्यावर धूळ बसली तर चालायचं, सायकलवर बसलेली चालायची नाही. आणि एवढे लाड करून तिला घेऊन तो बाहेर पडला की गंजगोलाईला वळसा घालेपर्यंत निदान चार ओळखीचे लोक थांबवून विचारायचे, "शेठ, गाडी बिघडली का हो?" चाळिशी ओलांडलेला, घरी कार असलेला दुकानदार सायकलवर दिसला की लातूरकरांना दोनच कारणं सुचतात. एक तर गाडी बिघडली, नाहीतर शुगर निघाली.

मन्मथ एकटाच असा असता तर निभावलं असतं. पण गावात 'पहाटवारा सायकल क्लब' नावाची एक संस्था होती आणि तिच्यात त्याच्यासारखेच बरेच जण जमा झाले होते. दातांचे डॉक्टर विरूपाक्ष हे त्यांचे म्होरके. ही मंडळी पहाटे अंगाला चिकटलेले रंगीत कपडे घालून निघायची, पहिल्या टपरीवर चहाला थांबायची, आणि तिथे सायकल चालवण्याऐवजी सायकलविषयी बोलत बसायची. या टपरीवरच मन्मथ बोलून गेला होता की येत्या नवरात्रातल्या रविवारी अहमदपूरपर्यंतची राइड होईल, तिला आपण स्वतःच्या हातांनी बेरिंग बसवलेल्या सायकलवर येऊ. शिवाय अहमदपूर ही आपली सासुरवाडी, तेव्हा नाष्टा सासऱ्यांकडे. सासऱ्यांना विचारायचं राहूनच गेलं होतं. ते काम त्याने शिवकन्येवर टाकलं.

शिवकन्येला याचा राग यायला हवा होता. पण माहेरचं नाव निघालं की ती थोडी मऊ पडायची. तिचे वडील ईश्वरप्पा यांचं अहमदपूरच्या मोंढ्यात आडत दुकान. मोठा दांडगा माणूस, पण सायकल म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी उमटे. आपण पोरगी कारवाल्याला दिली आणि तो सायकलवर फिरतो, ही गोष्ट ते मोंढ्यात कोणाला सांगत नसत. एकदा तरी जावयाने मोंढ्यासमोरून रुबाबात यावं, पाठीमागे डॉक्टर-इंजिनिअरांची रांग असावी आणि अप्पांनी ते बघावं, असं शिवकन्येला फार वाटत होतं. तिने फोन करून नाष्टा पक्का केला.

ईश्वरप्पा दुसरीही एक गोष्ट मोंढ्यात सांगायचे, आणि ती मात्र ते सगळ्यांना सांगायचे. आमच्या शिवकन्येच्या घरात सुई हरवायची न्हाई, म्हणायचे. आणि ते खरंच होतं. वस्तू जिथल्या तिथं, हा शिवकन्येचा धर्म होता. जिऱ्याचा डबा ती अंधारात काढायची, नवऱ्याचं आधार कार्ड ती माहेरी बसून फोनवर सापडवून द्यायची. ज्यांच्या घरात वस्तू हरवतात अशा बायकांविषयी ती जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सायकल खोलायला मन्मथने मुहूर्त निवडला तो घटस्थापनेच्या आदल्या दिवसाचा. नवी बेरिंगं अजून पार्सलात वाटेवर होती, पण याला धीर कुठला. घट बसायच्या आदल्या दिवशी आपल्याकडच्या घराची काय अवस्था असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. गोधड्यांपासून पडद्यांपर्यंत घरातलं सगळं कापड धुऊन दोरीवर, घरातली सगळी भांडी ओट्यावर, आणि घरातल्या बाया कमरेला पदर खोचून कोणावर तरी ओरडायच्या बेतात. अशा वेळी या गृहस्थाने हॉलमध्ये वर्तमानपत्र अंथरलं, हातात रबरी मोजे चढवले आणि सायकलचं पुढचं अंग सुटं केलं. आतून गंजलेली बेरिंगं निघाली. (गंजणार नाहीत तर काय. दर रविवारी तो त्या सायकलला म्हशीसारखा पाइप लावून धुवायचा.) आणखी एक-दोन टोपणं निघाली, आणि एक कडी निघाली.

या कडीकडे नीट लक्ष द्यावं. बांगडीपेक्षा बारीक, अंगठीपेक्षा मोठी, पांढऱ्या धातूची आणि एका जागी चिरलेली. वरच्या बेरिंगवर ती बसते आणि मधली दांडी चारी बाजूंनी धरून ठेवते, हलू देत नाही. तेवढंच तिचं काम. ती नसली तर बाकी सगळं कितीही नवं असो, हँडल डगडग करतं.

मन्मथने ती रॉकेलने धुतली. मग भांड्याच्या पावडरीने घासली. मग लिंबू लावलं. ती चांदीसारखी लखलखायला लागली तेव्हा त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं, आणि वाळवायला म्हणून त्याने ती ओट्यावर एका धुतलेल्या पंचावर ठेवली. त्या पंचावर शिवकन्येने घासलेली पूजेची उपकरणी पालथी घातली होती: ताम्हण, पळी, घंटी, निरांजनं. त्यांच्यात जागा रिकामी दिसली, म्हणून ठेवली. एवढा विचार त्याने केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घट बसला. पत्रावळीत काळी माती, मातीत धान्य, मधे घट आणि शेजारी अखंड दिवा. हा दिवा पितळेचा, जड, बुडाला गोल. तो दरवर्षी डगमगायचा आणि दरवर्षी शिवकन्येची सासू शिवम्मा त्याच्याखाली कधी सुपारी, कधी कागदाची घडी सारून बघायची आणि दसऱ्यापर्यंत जीव मुठीत धरून बसायची. दिवा विझू द्यायचा नाही आणि एकदा बसवला की घट उठेपर्यंत जागचा हलवायचा नाही, हा त्या घरचा कडक नेम. या वर्षी शिवकन्येला उपकरण्यांत ही कडी दिसली. शंखाची जुनी अडणी असेल, असं तिला वाटलं. तिने ती दिव्याखाली ठेवली आणि दिवा असा बसला की जसा काही त्याच्यासाठीच ती घडवली होती. शिवम्माने दोनदा बोट लावून पाहिलं आणि सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. इतक्या वर्षांत जे आपल्याला सुचलं न्हाई ते हिला सुचलं, असं ती म्हणाली. शिवकन्येने मान खाली घालून ते स्वीकारलं.

त्या दिवसापासून शिवम्मा रोज संध्याकाळी माळ घातली की नांदेडला दिलेल्या आपल्या लेकीला, सुकन्येला, व्हिडिओ कॉल करायची. आधी छत दिसायचं, मग शिवम्माचा अंगठा, मग घट, आणि शेवटी फोन थेट दिव्याला टेकवून ती म्हणायची, "बघ बाई, यंदा दिवा कसा बसलाय."

बेरिंगं आली ती घट बसल्यावर तीन-चार दिवसांनी. मन्मथने ती आधी फ्रीझरमध्ये ठेवली. थंडीने लोखंड आकसतं आणि मग ते सहज आत जातं, हे त्याला व्हिडिओतून कळलं होतं. शिवम्माने उपवासाच्या भगरीसाठी शेंगदाण्याचं कूट काढायला फ्रीझर उघडला तर कुटाशेजारी स्टीलच्या डब्यात ही दोन काळी बेरिंगं. तिने ती परत ठेवली. लेकाचं काही सांगता येत नाही, एवढं तिलाही इतक्या वर्षांत समजलं होतं.

मग बसवण्याचा सोहळा झाला. मन्मथने मोजे घातले, चष्मा घातला, मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला. लाकडाचे ठोकळे, लांब बोल्ट, दोन ताटल्या, ग्रीसची डबी अशी मांडणी केली. शिवकन्येला शेजारी उभं राहून बॅटरी धरायला सांगितलं. तिने बॅटरीबरोबर खलातला बत्ताही आणला होता, लागला तर असावा म्हणून. त्यावर तिला ते वाक्य पुन्हा एकदा ऐकावं लागलं. त्याने दीर्घ श्वास घेतला, थंड बेरिंग फ्रेमच्या तोंडाशी धरलं, आणि ते अंगठ्याच्या एका दाबाने टुक्कन आत जाऊन बसलं.

मन्मथ काही वेळ त्याच्याकडे बघत राहिला. या जातीच्या फ्रेममध्ये बेरिंग नुसतं हाताने ठेवायचं असतं, ही माहिती त्याच व्हिडिओच्या शेवटी होती. शेवटपर्यंत त्याने तो पाहिला नव्हता.

"झालं?" शिवकन्येने विचारलं.

"खालचं राहिलंय," तो म्हणाला. खालचं त्याने उलटं बसवलं. उतरती कड जिकडे हवी तिच्या नेमकी विरुद्ध बाजूला गेली आणि हँडल फिरेना. नवं सामान सुरुवातीला आवळून धरतं, चालवलं की मोकळं होतं, असं त्याने बॅटरी धरणाऱ्या बायकोला समजावून सांगितलं. नवऱ्याच्या बाबतीत आपला अनुभव उलटा आहे, असं ती म्हणाली. बराच वेळ हँडलशी कुस्ती करून झाल्यावर त्याने ते काढून सुलटं बसवलं आणि मग ताटलीत हात घातला. ताटलीत कडी नव्हती, आणि ती वाळत घातल्याचं त्याला आठवतही नव्हतं.

त्यानंतर घरात जे झालं त्यात शिवकन्येला फार सुख मिळालं, हे कबूल करायला हवं. मन्मथने सोफा ओढला, सायकलची पिशवी उलटी केली, कचऱ्याची बादली वर्तमानपत्रावर ओतली. ती हाताची घडी घालून बघत उभी राहिली. एक कडी सांभाळता येत नाही आणि म्हणे कार्बन. बाप्याच्या हातात वस्तू दिली की ती गेलीच समजा. मी इतकी वर्षं या घराचा डोलारा चालवते, माझं साधं बटण हरवत नाही. हे ती त्याला बोलली, सासूला बोलली, नांदेडला सुकन्येला फोन करून बोलली, अहमदपूरला वडिलांना बोलली. ईश्वरप्पा हसत हसत म्हणाले, की जावईबापूंना म्हणावं साड्यांची तरी नीट घडी घाला. मन्मथने सगळं ऐकून घेतलं. कडी खरोखरच त्याच्याकडे नव्हती.

नवी कडी मागवली, पण ती दसऱ्यानंतर येणार होती आणि राइड तर रविवारी. डॉक्टर विरूपाक्षांनी ग्रुपवर लिहिलं, की रिंगशिवाय निघणं धोक्याचं आहे, तू गाडीने ये. गाडीने ये, हे वाक्य मन्मथच्या जिव्हारी लागलं. जुन्या ट्यूबची रबरी पट्टी कापून तिची गुंडाळी त्याने कडीच्या जागी कोंबली आणि वरून टोपण आवळलं. हँडल डगडगायचं थांबलं. आपण एक शोध लावला आहे असं त्याला वाटायला लागलं.

शनिवारी सकाळी शिवकन्या दिव्यात तेल घालायला बसली. करडीचं तेल बारीक धारेने सोडताना तिची नजर खाली गेली आणि तिला त्या अडणीला एक चीर दिसली. शंखाच्या अडणीला चीर कशाला असेल, असा विचार तिच्या मनात आला आणि पुढच्याच क्षणी तिने तेलाची धार थांबवली. गेले काही दिवस ताटावर, झोपताना, दुकानाला निघताना नवऱ्याने मोबाइलवर तिला ज्या कडीचे फोटो दाखवले होते ती ही.

आता सांगावं तर कोणत्या तोंडाने? सुकन्येला काय सांगायचं, अप्पांना काय सांगायचं? आणि या माणसाला सांगायचं म्हणजे तो ही गोष्ट उरलेलं आयुष्यभर ऐकवणार. न सांगावं तर हा उद्या रबराच्या भरवशावर हायवेवर निघणार. तिला त्याची काळजी वाटली, अगदी खरी वाटली. पण त्या काळजीपेक्षा लाज काकणभर जास्त होती. म्हणून तिने मधला मार्ग काढला. कडी गुपचूप काढायची, त्या जागी तेवढीच दुसरी काहीतरी वस्तू सारायची आणि कडी सायकलच्या पिशवीच्या तळाशी नेऊन टाकायची. म्हणजे ती मन्मथला सापडेल आणि दोष त्याचा तो त्याच्याकडेच राहील.

तिने नांदेडच्या भाचीची एक छोटी धातूची बांगडी शोधली. (लगेच सापडली. वस्तू जिथल्या तिथं.) एका हाताने दिवा किंचित तोलला. पितळ तापलेलं होतं, तिने पदर धरला. ज्योत आडवी झाली, उभी राहिली, परत आडवी झाली. दुसऱ्या हाताने ती कडी ओढणार तोच मागून शिवम्माचा आवाज आला.

"काय करायलीस गं?"

शिवकन्येने दिवा सोडला. अडणी बदलत होते, ही जरा चांगली दिसली असती, असं काहीतरी ती बांगडी दाखवत पुटपुटली. शिवम्मा जवळ आली, ज्योत सरळ झालेली बघून तिने हात जोडले.

"ऱ्हाऊ दे बाई. चांगला बसलाय. घट उठंपर्यंत त्याला कुनी हात लावायचा न्हाई," ती म्हणाली, आणि घटापुढे पाट टाकून पोथी घेऊन जी बसली ती उठलीच नाही. संध्याकाळी शिवकन्येने नवऱ्याला जमेल तेवढं समजावलं. नका जाऊ, गाडीने जाऊ सोबत, रबराचा काय भरवसा. तिच्या आवाजात एवढी माया त्याने पुष्कळ दिवसांत ऐकली नव्हती. आपल्या शोधाचा हिच्यावर परिणाम झाला, असा त्याने अर्थ काढला आणि तो लवकर झोपला.

रविवारी उजाडता उजाडता सायकली निघाल्या. शिवकन्या कार घेऊन पुढे अहमदपूरला गेली. शिवम्मा दिव्यासाठी घरीच थांबली. माहेरी वहिनीने भिजवलेल्या मुरमुऱ्यांच्या सुशिल्याचं मोठं पातेलं चढवलं होतं, उपवासवाल्यांसाठी भगर आणि आमटी होती. ईश्वरप्पा धोतर नेसून, कपाळाला विभूतीचे पट्टे ओढून मोंढ्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते. रविवार असूनही चार-पाच आडते त्यांनी मुद्दाम बोलावून घेतले होते. शिवकन्येने त्यांच्याशेजारी उभं राहून मनातल्या मनात महादेवाचं नाव घेतलं.

डॉक्टर विरूपाक्ष आले. त्यांच्यामागे बाकीचे आले, घंट्या वाजवत, हेल्मेट काढत. मन्मथ नव्हता. डॉक्टर सांगायला लागले, की चाकूरच्या पुढे त्याचं हँडल वाजायला लागलं, मग रबराची पट्टी घसरून बेरिंगमध्ये अडकली आणि हँडल सरळ रेषेत रुतून बसलं. रस्ता जिकडे वळला तिकडे मन्मथ वळला नाही. तो सोयाबीनच्या ढिगात गेला. लागलं नाही, मऊ होता ढीग.

एवढ्यात तो आलाच. अर्धापूरची केळी लातूरला उतरवून रिकामा परत चाललेला एक पिकअप मोंढ्यासमोर थांबला. मागच्या हौद्यात वाळलेल्या केळीच्या पानांवर कार्बनची सायकल आडवी निजली होती आणि तिच्या उशाशी, हेल्मेट डोक्यावर तसंच, ईश्वरप्पांचे जावई बसले होते. कानात सोयाबीनचा भुसा होता. ईश्वरप्पांनी आडत्यांकडे बघितलं नाही. आडत्यांनी मात्र सायकलकडे नीट बघून घेतलं आणि एकाने ड्रायव्हरला विचारलं, की सोबत केळी काही उरली का.

घरी नाष्ट्याला बसल्यावर शिवकन्येला वाटलं, आता हे असंच संपू द्यावं. पण ईश्वरप्पांना जावयाची फजिती झाकायची होती आणि त्यासाठी त्यांनी आपल्याजवळचं एकच हुकमी पान काढलं. ते मोठ्या आवाजात डॉक्टरांना सांगायला लागले, की कडी हरवली म्हणून हे झालं, पण आमची शिवकन्या असं करायची न्हाई, तिच्या घरात सुई हरवायची न्हाई. क्लबातल्या सगळ्यांनी कौतुकाने माना हलवल्या. शिवकन्या सुशिला वाढत होती. तिने खाली बघून डॉक्टरांच्या ताटात तीनदा वाढलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. शिवम्माचा व्हिडिओ कॉल होता. आठवी माळ, होम व्हायचा होता, व्याह्यांच्या घरीही दर्शन घडावं म्हणून तिने लावला होता. फोन टिपॉयवर होता आणि तो शिवकन्येच्या आधी तिच्या भावाने, मृत्युंजयने, उचलला. ईश्वरप्पा म्हणाले, एवढी मंडळी आहेत, टीव्हीवर लाव, सगळ्यांना दर्शन होईल. मृत्युंजयला असली कामं फार आवडतात. शिवकन्या पातेलं खाली ठेवून तिथवर पोचेपर्यंत भिंतीएवढ्या टीव्हीवर लातूरच्या घराचं छत आलं होतं.

मग शिवम्माचा अंगठा आला. मग घट आला, हिरवे कोंब आले. मंडळींनी ताटं बाजूला ठेवून हात जोडले. आणि मग फोन थेट दिव्याला टेकला आणि मोंढ्यातल्या तराजूच्या पारड्याएवढी, तेलाने चकाकणारी, एका बाजूला वीतभर चिरलेली कडी पडद्यावर उभी राहिली.

"बघा, यंदा दिवा कसा बसलाय," शिवम्मा म्हणाली.

मन्मथ उठला. तो टीव्हीपर्यंत गेला आणि त्याने कडीवर बोट ठेवलं. त्याला राग आलेला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की लग्नातल्या फोटोतही तसा नाही.

"ही बघा रिंग," तो क्लबला म्हणाला. "मी काय सांगत होतो? दिवा हलायला का? न्हाई. ती असली की हलतच नसतंय. हेच मी चार दिवस झालं सांगायलो."

डॉक्टरांनी विचारलं, की पण ती तिथे गेली कशी. प्रश्न साधा होता. त्याचं उत्तर टीव्हीतून, घरभर ऐकू जाईल असं आलं.

"आमच्या शिवकन्येनं ठिवली. लई हुशार हाय. काल ती काढून बांगडी लावायलती, मीच म्हनलं ऱ्हाऊ दे."

सगळ्यांनी शिवकन्येकडे बघितलं. ईश्वरप्पांनी चष्मा काढला, पुसला आणि हळू आवाजात विचारलं, "माय, काल तुला म्हाईत होतं?"

चहा उतू गेला वाटतं, असं म्हणून शिवकन्या आत गेली. चहा अजून ठेवलेलाच नव्हता.

दसऱ्याला घट उठला. कडी मोकळी झाली, पण शिवम्मा ती देईना. देवीपाशी बसलेली वस्तू आता देवीची, सायकलला नवी येईल ती लावा, असा तिने निकाल दिला. पुढे नवी आली, मन्मथने ती बसवली, ठोकली नाही, आणि सायकल सरळ जाऊन जिथे वळायचं तिथे वळायला लागली. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकाला त्याने आपट्याचं पान घेता घेता सगळी हकीकत सांगितली आणि शिवकन्येने प्रत्येकाला चहा दिला. हकीकत संपेपर्यंत तिला कपबशा घेऊन तिथंच उभं राहावं लागे. बाप्यांच्या हातात वस्तू दिल्यावर काय होतं, याविषयी ती हल्ली काही बोलत नाही.

दिवाळीच्या आसपास अहमदपूरहून फोन आला. ईश्वरप्पांचा आवाज जरा चिंतेत होता. चष्मा सापडंना, म्हणाले, सगळं घर धुंडाळलं, दुकान धुंडाळलं. शिवकन्येने नेहमीच्या सवयीने विचारायला सुरुवात केली, की शेवटचा कुठे ठेवला होता.

"ते ऱ्हाऊ दे माय," अप्पा म्हणाले. "तू जरा तुझ्या दिव्याखाली बघतीस का?"

पलीकडे मृत्युंजय आणि वहिनी हसत होते, ते स्पष्ट ऐकू आलं. शिवकन्येने रागाने फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन दार लावलं, वरच्या कप्प्यातला दिवा खाली काढला आणि त्याच्या बुडाशी एकदा नीट बघून घेतलं.